वाजणारी सायकल

"ही नको," बाप म्हणाला. "दुसरी दाखवा."

दुकानदाराने तिसरी सायकल जागेवर लावली. लेकीला ती आवडली होती, तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. पण विचारतो कोण? नोकरीला लागलेल्या लेकीच्या खांद्यावर हात ठेवून बाप दुकानात शिरला होता आणि तो हात अजून तिथेच होता. ती सरकली की हाही सरकायचा.

तिला हार्डटेलच हवी होती, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे. दिवसभर डोंगरात दामटायची तर मागे बिघडण्यासारखं काही नकोच, असं तिचं म्हणणं. पोलादी सांगाडा, रुंद टायर, पाठ न मोडणारी बैठक, सगळं ती घरूनच ठरवून आली होती. तिच्या जुन्या सायकलचा सांगाडा उतारावर तडकला, तेव्हापासून दोघंही घरात बसून होती. या रविवारी डोंगराची पूर्ण फेरी होती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. ती चुकली की थेट पुढच्या वर्षी.

दुकानदाराला नवल वाटलं. काकांची सायकल तर धडधाकट, बाहेरच टेकवलेली. मग ते एकटे का गेले नाहीत? त्याने विचारलंच.

"हिच्याशिवाय मी जात नाही," बाप म्हणाला. "ही पुढे, मी मागे. पहिल्यापासून."

म्हणजे डोंगरातही पहारा! दुकानदारालाही लेक होती, पण तिच्या मागे असं सावलीसारखं फिरणं त्याच्या स्वप्नातही आलं नसतं.

बापाची तपासणीही अजब. रंग नाही, कंपनी नाही, किंमत नाही. खाली बसायचं, मागचं चाक गरकन फिरवायचं, कान द्यायचा आणि मान हलवायची. आवाज फार कमी, म्हणे. सगळं जग न वाजणारं चाक मागतं आणि या गृहस्थाला वाजणारं हवं होतं.

"काका, चालवणार कोण? तिला निवडू द्या की," दुकानदार अखेर बोललाच.

"तिनेच निवडायची. हिच्याइतकी वाट कुणालाच कळत नाही," बाप शांतपणे म्हणाला. "मला फक्त चाकाचं बोलू द्या."

लेकीचा अभिमान त्याच्या शब्दाशब्दात होता, हे दुकानदाराला कबूल करावं लागलं.

शेवटी त्याने आतून एक मातकट रंगाची सायकल काढली. पेडल थांबलं की मागचं चाक कर्रर्र ओरडायचं, म्हणून ती कुणी घेत नव्हतं. बापाने चाक फिरवलं आणि त्याची कळी खुलली. लेकीने सांगाडा उचलून पाहिला, टायर दाबले, बैठक जोखली.

"बाबा, हीच."

मागच्या गल्लीत चालवून पाहायचं ठरलं. लेक पेडल मारायची, थांबायची, पुन्हा मारायची. ड्रम, दगड, उघडं गटार चुकवत ती सुसाट गेली. तिच्या मागे जेमतेम एका सायकलीच्या अंतराने बाप, तिच्याच वाटेने, तस्साच वळत. दुकानदार तोंडात बोट घालून पाहत राहिला. मघाचा राग कुठल्या कुठे गेला.

"मानलं काका," दोघं परतल्यावर तो म्हणाला. "या वयात असं कुणी चालवत नाही."

"शाबासकी हिला द्या. रस्ता हिने काढला," बाप म्हणाला. त्याची छाती अभिमानाने फुलली होती. "चला, पैसे घ्या."

लेकीच्या दोन्ही हातांत सायकली होत्या, म्हणून बापाने पाठीवरच्या पिशवीतून घडीची पांढरी काठी काढली, झटकून सरळ केली आणि फरशी चाचपत एकटाच गल्ल्याकडे निघाला.