घरातलं नाव

चोराला मिळणार होतं ते थोडंथोडकं नव्हतं. चंदननगरच्या प्रतुल कुंडूंकडून पूजेच्या मंडपांची रोषणाई नेणारी सगळी गिऱ्हाइकं त्यांच्या वेबसाइटवरून येत, आणि तिचा ताबा घेऊन एका चोराने तिथे आता आपला फोन नंबर टाकला होता.

पुतणी झिनुक मांडी ठोकून बसली. "त्याला हाकलल्याशिवाय उठायची नाही." वेबसाइट सांभाळणाऱ्या कंपनीशी भांडून तिने ताबा परत मिळवला, चोराने उघडलेली खाती पुसली, नंबर बदलला. मग विचारलं, "काका, पासवर्ड विसरलात तर ओळख पटवायला कोणता प्रश्न ठेवला होता?"

"लहानपणचं लाडाचं नाव. घरातलं नाव बाहेरच्याला काय कळणार?"

तेवढ्यात खिडकीखालून मासेवाल्याने काकांना हाक मारली, "ओ घोतनदा, ताजे पार्शे आणलेत. घेताय ना?"

झिनुकने कीबोर्ड काकांपुढे सरकवला. "आता उत्तर खोटंच लिहा. कुणी रस्त्यात ओरडणार नाही असं."

काकांनी हाताचा आडोसा करून एकेक अक्षर दाबलं.

"काय लिहिलंत?" मासे घेऊन आत आलेल्या काकूने विचारलं.

"सांगणार नाही."

"अहो, लग्न झाल्यापासून माझ्यापासून काही लपवलं नाहीत."

"म्हणून तर गल्लीला सगळं ठाऊक असतं."

वेबसाइट शाबूत राहिली, गिऱ्हाइकं परतली. चोराच्या पदरचं काहीच गेलं नाही. त्या दुपारी मोहरी घातलेला पार्शेचा रस्सा काकूने आणि झिनुकने संपवला. प्रतुलबाबूंनी नुसता डाळभात खाल्ला, पण उत्तर सांगितलं नाही.