अकारविल्हे

"यादी तुझी, मग चूकही तुझीच," खांबेटे सर ऑफिसात सगळ्यांसमोर शाल्मलीला म्हणाले. सकाळपासून आमची वेबसाइट बंद होती.

यादी म्हणजे प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची, म्हणजे आयत्या कोडच्या संचांची; ती शाल्मली सांभाळायची. यादी विस्कळीत दिसली, म्हणून आदल्या दिवशी मीच एका टूलने ती अकारविल्हे लावली होती. जी लायब्ररी आधी लोड व्हावी म्हणून सगळ्यात वर हवी होती, ती त्यात खाली गेली आणि साइट बंद पडली. सर बोलत होते तेव्हा मी मान खाली घालून बसलो. महिन्याभरात शाल्मलीने नोकरी सोडली.

परवा, तीन वर्षांनी, तिला फोन करून सगळं कबूल केलं.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "बदल कोणी केला, ते कोडच्या नोंदीत होतंच. तू स्वतःच बोलशील, म्हणून मी वाट बघत होते."