उतरवून बघा

शेवंताने सहाव्यांदा रिमोट दाबला, तरी गाडी ढिम्म. आत तिचे वडील, अप्पा, छाती धरून बसले होते. मेकॅनिक दस्तगीरने सगळं वायरिंग तपासलं. ते ठणठणीत होतं.

"ताई, अप्पांना जरा उतरवून बघा."

अप्पा उतरले आणि इंजिन सुरू झालं. परत बसले, की बंद.

दस्तगीरची मान खाली गेली. "नवा स्टार्टर बसलेल्याची नाडी बघतो, ताई. जो वाचणार नाही त्याच्यापायी इंधन जाळायचं नाही, असा कायदाच आहे."

"कायदा गेला खड्ड्यात! तोडा ती वायर."

"तोडली तर इंजिन कायमचं लॉक होतं."

दवाखाना अकरा किलोमीटरवर होता. शेवंताने अप्पांना पाठुंगळीला घेतलं.

"अगं, ठेव मला खाली. यंत्र खोटं बोलेल का?"

"बोलतं. माणसांनीच बनवलंय ना ते!" असं म्हणत ती रस्त्याला लागली.