पाण्याचा दिवस

शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीतली शिफ्ट संपवून निशा गल्लीत शिरली तेव्हा रस्ता ओला दिसला आणि तिचा जीव भांड्यात पडला. आठवड्यानं का होईना, नळाला पाणी आलं होतं. सकाळी निघताना तिनं टिपाड घासून नळाखाली ठेवलं होतं. नवऱ्यानं नुसती तोटी फिरवायची होती. मोरीत बघते तर टिपाड कोरडं ठणठणीत. विश्वजीत कॉटवर पडून मोबाईलवर गेम खेळत होता. "पाणी आलं नव्हतं व्हय?" "आलतं की. उठणारच होतो, पण मधूनच सोडलं तर समदी टीम मरती." भांडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. ती तशीच टिपाडाला टेकली. "लई तहान लागली गं, पाणी दे," तो स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला. तिनं रिकामा तांब्या त्याच्या हातात दिला. त्यानं तो खेळता खेळताच तोंडाला लावला, खाली ठेवला, मनगटानं ओठ पुसले.