मनगटावरचा ठिपका

लताबाईंनी चिनी मातीच्या बशीत तपकिरी रंग कालवला, त्यात किंचित पिवळा सोडला आणि कुंचल्याचे टोक डाव्या मनगटावर टेकवले. ठिपका वाळेपर्यंत त्या थांबल्या. वाळल्यावर तो त्वचेत दिसेनासा झाला. रंग जमला होता.

रोजची सकाळ अशीच सुरू होई. नाशिकरोडहून येणाऱ्या बसने त्या शालिमारला उतरत, रविवार कारंजाजवळच्या गल्लीतल्या छापखान्यात येत, खिडकी उघडत, कालचे गढूळ पाणी मोरीत ओतून नवे भरत. मग पहिला ठिपका मनगटावर. आठ वर्षे हा क्रम मोडला नव्हता.

समोरच्या टेबलावर चित्रकार कारभारी काळ्या रेषांनी चित्रे काढत. त्यांत लताबाई हाताने रंग भरत आणि तो नमुना छपाईला जाई. चित्रकथेचे नाव होते ‘वीजबहाद्दर’. तिचा नायक दिवसा विजेच्या खांबांवर चढणारा वायरमन. संकट आले की तारेतली वीज अंगात घेऊन तो आकाशात झेपावे. त्याच्या कातडीचा रंग कोणता, हे पहिल्या अंकाच्या वेळी कोणीच सांगितले नव्हते. लताबाईंनी त्याला आपला दिला. तेव्हा अंक एस.टी. स्टँडवर चण्यांच्या पुड्यांशेजारी विकला जाई आणि शाळेत दप्तरात सापडला की गुरुजी फाडून टाकत. नायक काळा की गोरा हे पाहण्याइतकी फुरसत कोणा प्रतिष्ठिताला नव्हती.

लताबाईंच्या वस्तीतली मुले मात्र पाहत. बुद्धविहारामागच्या पटांगणात अंक मधे उघडा ठेवून ती खेळ मांडत. चित्रात जो ज्याच्यासारखा दिसेल तो त्याने व्हायचे, हा त्यांचा नियम. त्यामुळे सर्वांत काळी असलेली विशाखा, लताबाईंची मुलगी, कोणाशी न भांडता वीजबहाद्दर होई. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिला पडदा ओढायला उभे करत. इथे ती पाण्याच्या टाकीच्या कठड्यावरून उडी घेई आणि सारी वस्ती तिच्यामागे धावे.

पण आता १९८४ साल होते. मेन रोडच्या दुकानांत वीजबहाद्दरचे मुखवटे लटकत होते, गंगापूर रोडच्या बंगल्यांत वाढदिवसाच्या केकवर तो उभा राहत होता, आणि मुंबईची एक बिस्किट कंपनी त्याला पुड्यावर छापणार होती.

छापखान्याचे मालक नाथाशेठ त्या सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊनच आत आले.

“घ्या लताबाई, तोंड गोड करा. कारभारी, तुम्हीपण. कंपनीनं होकार दिला.” त्यांनी वाळत घातलेले पान उचलून उजेडात धरले. “फक्त एक बारीकसा बदल. गडी जरा उजळ करायचा.”

“तो दिवसभर खांबावर असतो, शेठ. उन्हात,” लताबाई म्हणाल्या.

“अहो, तो उडतोसुद्धा! ते चालतं ना लोकांना?” शेठ हसले. “आता हा घराघरात जाणार. आया म्हणतात, असा काळा हिरो पोरांच्या खोलीत कसा लावायचा? तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं, हे तुमच्याबद्दल नाही. आणि मागची माणसंपण तशीच करा, उजळ.”

“मग वायरमनला छत्री काढून देतो,” कारभारी मान वर न करता पुटपुटले.

शेठ दारापर्यंत गेले आणि वळले. त्यांची नजर तपकिरी रंगाच्या भरलेल्या बाटलीवर गेली. “ती फेकू नका बरं का. या अंकात काळदंष्ट्र येतोय ना? राक्षसाला शोभेल.”

लताबाईंनी बाटली पुसून बाजूला ठेवली. काम सोडले, तर उद्या या स्टुलावर दुसरे कोणी बसेल आणि शेठने सांगितलेला रंग भरील. अंक छापला जाईल. वस्तीत येईल. पटांगणात उघडा पडेल. पोरे नियमाने खेळतील. त्यांच्या मनात कोणाविषयी काही वाईटही नसेल.

त्यांनी बशी धुतली. पांढऱ्यात लाल आणि पिवळ्याचा थेंब घालून गुलाबी रंग केला आणि सवयीने ठिपका मनगटावर लावला. तो वाळला, तरी चुन्याच्या शिंतोड्यासारखा उठून दिसत राहिला. त्या रंगाने त्यांनी वीजबहाद्दरचा चेहरा भरला, हात भरले. मागची भाजीवाली, हवालदार, हमाल, सारे त्याच रंगाने भरले. एकही रेघ ओलांडली नाही.

काळदंष्ट्राचे पान समोर आले. त्यांनी तपकिरी बाटलीचे झाकण उघडले. कारभारींचा हात थांबला. लताबाईंनी झाकण परत लावले, हिरवा रंग घेतला आणि राक्षस नखशिखांत हिरवा केला.

संध्याकाळी शेठने पान पाहिले. “हिरवा? वा! परग्रहावरून आल्यासारखा वाटतो. हेच पाहिजे आजकाल.”

ते गेल्यावर लताबाईंनी तपकिरी बाटली मोरीत रिकामी केली. मनगटावरचा गुलाबी ठिपका साबणाने घासून काढला. जुना ठिपका असा कधी धुवावा लागला नव्हता. मग पाने एकावर एक रचताना त्यांनी ती पुन्हा एकदा चाळली, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

विशाखाला आता राक्षस व्हावे लागणार नव्हते. तिला कोणीच होता येणार नव्हते.