दहावी बरणी

अनुपमाने काचेची कांडी बरणीत सोडली. कांडी अलगद तळाला टेकली. खाली साका नाही, गोळा नाही. सहा महिने उलटले, तरी गेरूसारखा लाल रंग वरपासून खालपर्यंत एकजीव.

मरोळच्या त्या छोट्या रंगाच्या कारखान्यात असं कधी घडलं नव्हतं. रंगाची पूड पाण्यात तरंगत राहावी म्हणून सगळे जे रसायन घालतात, ते शेवटी नाल्यात जातं. त्याऐवजी चिकणमाती वापरायची, या एकाच ध्यासाने अनुपमाने तीन वर्षं घालवली होती. नऊ बरण्या झाल्या. नऊही वेळा रंग महिना-दोन महिन्यांतच खाली बसला. शेवटी मालक हर्षदभाईंनी सांगून टाकलं, "ही दहावी. हिच्यातला रंग बसला, की आपणही बसलो. गाळा विकून मी मोकळा होणार." अकरा माणसांचं पोट त्या बरणीत होतं.

बरणी सहा महिने फळीवर स्वस्थ ठेवायची, हीच परीक्षा. ठेवताना तिने धाकूकाकांना बजावलं होतं, "काका, हिच्याकडे लक्ष ठेवा हं." धाकूकाका देवगडकडचे, साठीला टेकलेले, रोज सकाळी आठला गाळा उघडणारे. बसलेल्या रंगाचे डबे ढवळण्यात त्यांची हयात गेली होती.

हर्षदभाईंनी स्वतः कांडी घालून पाहिली. मग तिथूनच गाळा घेणाऱ्याला फोन लावला. "नाही विकायचा. नाही म्हणजे नाही, तुम्ही दुसरा बघा." फोन खिशात टाकून ते पेढे आणायला बाहेर पडलेसुद्धा. अनुपमाला रडू फुटलं. नऊ वेळा हरताना आलं नव्हतं, ते आज आलं.

धाकूकाका दारात उभे होते. तिने धावत जाऊन त्यांचे हात धरले. "काका, आपण वाचलो! रंग बसला नाही!"

"बसतलो कसो, बाय?" धाकूकाका लाजून हसले. "तू लक्ष ठेवूक सांगितलंस ना? रोज सकाळी बरणी उलटीसुलटी करून हलवतंय. रविवारी पण विक्रोळीसून येतंय. एक दिवस चुकवूक नाय."