गव्हातून वाट नाही

खांदेकऱ्यांनी शवपेटी फाटकाशी आणून दगडावर टेकवली आणि सगळे रूबेन व्हाउल्सकडे बघू लागले. पेटीत त्याची आई होती, हेस्टर. फाटकाच्या आत त्याचाच गहू होता, नुकता वर आलेला. गव्हापलीकडे टेकाडावर चर्च.

चर्चचा रस्ता नदीच्या पाण्याखाली गेला होता. सकाळी घोट्याला लागणारं पाणी आता गुडघ्यावर आलं होतं. शेतातून गेलं असतं तर कुणाचे बूटही भिजले नसते.

पण ज्या जमिनीवरून मढं जातं ती कायमची गावाची वाट होते, हे थॉर्नमूरमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. असा काही कायदा नाही, असं पाद्री सांगून थकला. गाव मान डोलवायचं आणि आपलंच खरं करायचं.

रूबेन मनाशी हिशेब करत होता. आज आई जाईल, उद्या शाळेची पोरं, परवा घोडागाड्या. सगळं घर या एका तुकड्यावर चालत होतं. आणि आईशी जन्मात धड न बोललेली माणसं आज खांदा द्यायला एवढी पुढे का सरसावली, हेही त्याला कळत होतं.

"अहो, पाणी चढतंय," त्याची बायको लिडिया म्हणाली. "आई आहे ती तुमची."

"दिसतंय मला."

"दिसतंय तर उघडा की!"

"उघडलं की गेलं शेत. पोरांना काय पुण्य खायला घालशील?"

"चालू दे सावकाश," मागून एक खांदेकरी म्हणाला. "म्हातारीला कुठली घाई? आम्हालाच सायडर प्यायला परत यायचंय."

कुणीतरी हसलं. रूबेनला रडू येत होतं आणि स्वतःची लाजही वाटत होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पेटीच्या पुढच्या बाजूला म्हातारा अमॉस चिजी होता. त्याची बायको गेली तेव्हाही असंच पाणी भरलं होतं आणि याच फाटकात हेस्टर दाताळं रोखून उभी राहिली होती. ती पेटी पाण्यातून गेली होती.

अमॉस खाली वाकला. "उचला रे."

"काका, थांबा जरा..." रूबेनचा हात कडीवर गेला. "उघडतो मी."

"नको. हेस्टरला चालायचं नाही."

तो रागानं बोलला की तिचा मान राखून, ते रूबेनला कळेना.

"अहो काका, पण तो उघडतोय ना!" मागचा खांदेकरी कळवळून म्हणाला.

"उचला म्हटलं ना."

पेटी उचलली गेली. अमॉस पाण्यात उतरला, त्याच्यामागून नाइलाजानं बाकीचे. चार पावलांतच पाणी मांड्यांना लागलं. एकाचा पाय घसरला, पेटी एका अंगाला कलली आणि लिडिया किंचाळली.

रूबेननं कडी ओढली, फाटक सताड उघडलं. "इकडून या! अहो, मी सांगतोय ना, या इकडून!"

कुणी मागे वळून बघितलं नाही. तेव्हा तो कुंपणाच्या आतून, कोरड्या जमिनीवरून, आपलाच गहू तुडवत आईच्या पेटीबरोबर धावू लागला.